परभणी जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिकांचे निवृत्तिवेतन व आरोग्यविमा

महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात ज्येष्ठ नागरिकांना मिळणारे शासकीय अर्थसाहाय्य व आरोग्यविमा कोणत्याही एका योजनेतून दिले जात नाहीत. निराधार वृद्धांचे मासिक अनुदान तहसील कार्यालयामार्फत मंजूर होते. नोकरीनंतरचे निवृत्तिवेतन कोषागारातून किंवा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून मिळते. रुग्णालयातील उपचारांचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत या योजनांतून भागविला जातो. प्रत्येक योजनेची वयाची व उत्पन्नाची अट वेगळी आहे. त्यामुळे एखाद्या ७२ वर्षांच्या शेतमजुराला वर्षाला ५ लाख रुपयांचे विमासंरक्षण मिळते, परंतु दरमहा १,५०० रुपयांच्या अनुदानासाठी तोच अपात्र ठरतो, असे होऊ शकते.

पार्श्वभूमी

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजारपण व बेकारी या अवस्थांत नागरिकांना साहाय्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतन प्रारंभी दरमहा ७५ रुपये होते. २००६ मध्ये ते २०० रुपये करण्यात आले व पुढील वर्षी योजनेला इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले. ६० ते ७९ या वयोगटासाठी केंद्राचा वाटा त्यानंतर वाढलेला नाही. ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी तो २०११ पासून ५०० रुपये आहे.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना

मजुरी किंवा अल्प शेतीवर आयुष्य काढलेल्या वृद्धांसाठी ही प्रमुख योजना आहे. वय ६५ किंवा त्याहून अधिक असणे, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असणे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असणे, या तिच्या मुख्य अटी आहेत. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेले लाभार्थी गट ‘अ’मध्ये, तर यादीत नाव नसलेले पण उत्पन्नाच्या अटीत बसणारे गट ‘ब’मध्ये मोडतात. दोन्ही गटांना मिळणारी एकूण रक्कम सारखीच असते. गट ‘अ’मध्ये तिचा काही भाग केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेतून येतो व उरलेला राज्य देते, तर गट ‘ब’चा संपूर्ण भार राज्यावर असतो. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा व दिव्यांग व्यक्तींचा विचार संजय गांधी योजनेखाली होतो. केंद्राने २०११ मध्ये आपली वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणली. श्रावणबाळ योजनेची अट मात्र ६५ वर्षेच राहिली.

अनुदान पूर्वी दरमहा ६०० रुपये होते. २०१९ मध्ये ते १,००० व २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. उत्पन्नाची मर्यादा या काळात २१,००० रुपयांवरच राहिली. महिन्याच्या हिशेबाने ती १,७५० रुपये होते. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने कुटुंबातील एका व्यक्तीने वर्षभरात ७१ दिवस काम केले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सोबत राहणाऱ्या मुलाची मजुरी कुटुंबाच्या उत्पन्नात धरली गेली, तर वृद्ध आईवडिलांची पात्रता बहुधा संपते. तहसीलदारांकडून मिळणारा उत्पन्नाचा दाखला म्हणूनच या योजनेतील सर्वांत निर्णायक कागद ठरतो.

जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम असे नऊ तालुके आहेत. अर्ज आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात, तलाठ्यामार्फत किंवा सेवा केंद्रातून करता येतो. वयाचा पुरावा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील ही त्यासाठी लागणारी मुख्य कागदपत्रे होत. लाभार्थ्याला वर्षातून एकदा हयातीची पडताळणी करून घ्यावी लागते. २०२४ च्या अखेरीपासून अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा करण्याची पद्धत सुरू झाली.

नोकरीशी निगडित निवृत्तिवेतन

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होतात. त्यांना शेवटच्या वेतनाच्या निम्म्यापर्यंत निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ मिळते. त्या तारखेनंतर रुजू झालेल्यांसाठी अंशदान योजना आली. जुनी पद्धत परत लागू करावी, या मागणीसाठी राज्यातील कर्मचारी व शिक्षकांनी १४ ते २० मार्च २०२३ या काळात संप केला.

एस.टी. महामंडळ, साखर कारखाने व खाजगी आस्थापना यांतील निवृत्तांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तिला बोलीभाषेत ‘ईपीएस-९५’ म्हणतात. निवृत्तिवेतनयोग्य वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम निघते. १५,००० रुपये वेतन व १५ वर्षे सेवा असेल, तर ती सुमारे ३,२१४ रुपये येते. हक्कासाठी किमान १० वर्षे सेवा आवश्यक असून नियमित वय ५८ आहे. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे. म्हणजे या योजनेतील किमान रक्कम निराधार वृद्धाच्या अनुदानापेक्षाही कमी आहे, आणि तिला महागाई भत्त्याची जोड नाही.

अटल निवृत्तिवेतन योजना (२०१५) व प्रधानमंत्री किसान मानधन योजना (२०१९) या अंशदानावर चालतात. त्यांत प्रवेशाचे वय १८ ते ४० असल्याने आज साठीत असलेल्या व्यक्तींना त्यांचा उपयोग नाही.

आरोग्यविमा

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. परभणी त्यांत नव्हता, शेजारचा नांदेड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांना लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी लाभ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांपुरता होता. पुढे शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सातबारा उताऱ्याच्या आधारे लाभ देण्यात आला. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे परभणीचाही या चौदांत समावेश होता. २०२३ च्या निर्णयाने योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली व कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये झाले.

केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, तिच्यात स्थान मिळाले. त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावे लागते. आधीपासून योजनेत असलेल्या कुटुंबातील ज्येष्ठांसाठी ५ लाखांचे स्वतंत्र जादा संरक्षण असते. घरात ७० वर्षांवरील दोघे असतील, तर ते दोघांत सामाईक असते. माजी सैनिक किंवा केंद्रीय कर्मचारी म्हणून अन्य शासकीय योजना घेणाऱ्यांना दोहोंपैकी एकच निवडता येते.

अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कार्ड तपासून उपचारांच्या मंजुरीची प्रक्रिया सुरू करतो. रुग्णाने प्रथम पैसे भरून नंतर परतावा मागण्याची ही पद्धत नाही. तथापि दोन्ही योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा सांधेदुखीची रोजची औषधे, म्हणजेच वृद्धांचा नित्याचा खर्च, त्यांत येत नाही. त्यासाठी शासकीय बाह्यरुग्ण विभागाचाच आधार असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात नव्हती.

वयाच्या पुराव्याचा प्रश्न

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात व नंतरच्या काही वर्षांत खेड्यांत जन्मलेल्या, विशेषतः शाळेत न गेलेल्या स्त्रियांकडे जन्माची नोंद सहसा नसते. आधार नोंदणीच्या वेळी अंदाजे वय सांगितलेल्यांची जन्मतारीख अनेकदा १ जानेवारी अशी पडलेली दिसते. वय वंदना कार्डासाठी आधारवरील वयच ग्राह्य धरले जाते. तेथे वय तीन वर्षांनी कमी लागले असेल, तर लाभही तीन वर्षांनी लांबतो. आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते आणि त्यासाठी पुरावा लागतो.

इतर सवलती

मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली (२०२४) कौटुंबिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. एस.टी. बसमध्ये ६५ ते ७५ या वयोगटाला निम्म्या भाड्याची सवलत आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील व्यक्तींना राज्यात मोफत प्रवास करता येतो. तालुक्याच्या गावांतून परभणी किंवा नांदेडच्या रुग्णालयात जाणाऱ्या वृद्धांना ही सवलत उपयोगी पडते, कारण विमा योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या फेऱ्यांचे प्रवासभाडे धरलेले नाही.