डास, पाणी आणि वस्ती

हिवतापाची किंवा डेंग्यूची साथ आली की झोपडपट्टीकडे बोट दाखवायचे, ही प्रस्थापित समाजाची जुनी रीत आहे. ‘तिथली घाण’ हे त्याचे ठरलेले निदान. विज्ञान मात्र या निदानाला दुजोरा देत नाही.

तुंबलेल्या गटारात मुख्यतः क्यूलेक्स डास वाढतो. तो हत्तीरोग पसरवतो. शहरी हिवतापाचा अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी आणि डेंग्यूचा एडिस यांना लागते साठवलेले, बहुधा स्वच्छ पाणी. मुंबईतील हिवतापाचे मूळ विहिरी व टाक्यांत आहे, हे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालातच दाखवून दिले होते. विहिरी बंद करण्याची वेळ आली तेव्हा अनेक मालकांनी धर्म पुढे केला. दोष मात्र वस्तीच्या माथी राहिला.

आज वस्तीतही हे डास होतात, पण का? नळाला तासभर पाणी, तेही रोज नाही. म्हणून घरोघर पिंप भरून ठेवावे लागते. एडिसची मादी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी लागले की अळी, कोष आणि उडता डास हा क्रम सुमारे आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा ओतून, आतून घासून, कोरडे केले पाहिजे. जो हौद रिकामा करता येत नाही त्याला घट्ट झाकण बसवावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत.

धूरफवारणी उडते डास मारते. पाण्यातली अळी तशीच राहते. नुसत्या औषधावर भिस्त ठेवल्याचे फळ देशाने भोगले आहे. १९५८ मध्ये हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६५ मध्ये रुग्ण सुमारे एक लाखावर आले. १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. डी.डी.टी.ला डास दाद देईनासे झाले होते आणि शहरांतील पैदाशीकडे दुर्लक्ष झाले होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी वस्तीत आठवड्याचा कोरडा दिवस जरूर रुजवावा. पण उद्या पाणी येईल याची खात्री नसताना भरलेले पिंप कोण ओतील? म्हणून रोजचे पाणी ही डासनिर्मूलनाचीच मागणी आहे. तिच्या जोडीला गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामांवरची डबकी यांचीही तपासणी मागितली पाहिजे. वस्तीला स्वच्छतेचे धडे देणाऱ्या नगरपालिकेला आधी हा हिशेब विचारायला हवा.