कृत्रिम हिरवळीखालची काळी माती

मे महिन्यात अंगणातल्या कृत्रिम हिरवळीला खळगा पडतो. कारागीर येतो, गवत उचलतो, खाली वाळू भरून ठोकतो आणि जोड पुन्हा चिकटवतो. जुलैत नेमक्या त्याच जागी उंचवटा येतो आणि जोड उसवतो. अकोला, परभणी, लातूर, सोलापूर या काळ्या मातीच्या शहरांत असे झाले की माल हलका निघाला म्हणून गवताला दोष दिला जातो. माझ्या मते दोष गवताचा नसतो. खालची माती वर्षभर वरखाली होते, आणि दुरुस्ती करणारा तिला स्थिर धरून चालतो.

ही माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजे भरपूर. माँटमोरिलोनाइट हे त्यांतले प्रसिद्ध. त्याचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतात आणि प्रत्येक कण सुमारे १ नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांचा बनलेला असतो. पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम, सोडियम यांचे आयन असतात. पाणी मिळाले की त्याचे रेणू या आयनांभोवती गोळा होतात आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. अशा एका ग्रॅम खनिजाचे पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरू शकते. कोकणातल्या जांभ्या मातीत मुख्यतः केओलिनाइट असते आणि त्याचे पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम १० ते २० चौरस मीटर. म्हणून एकाच कंपनीचे गवत रत्नागिरीत सपाट राहते आणि परभणीत लाटा खाते.

आपल्या अंगणातली माती किती फुगते, हे तपासायची सोपी प्रमाणित चाचणी आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १०-१० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओतायचे आणि ढवळून २४ तास ठेवायचे. रॉकेलच्या रेणूंवर विद्युतभाराचे ध्रुव नसल्यामुळे ते पापुद्र्यांत शिरत नाही आणि माती आहे तशीच राहते. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीपेक्षा दीडपट किंवा त्याहून जास्त जागा व्यापत असेल, तर आधी जमिनीवर खर्च करावा, गवतावर नंतर.

उन्हाळ्यात भेगा दिसल्या की त्या वाळूने भरून टाकाव्यात असे कुणालाही वाटते. ते करू नये. भेग ही मातीने फुगण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा असते. ती भरली की पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीला बाजूला सरकता येत नाही आणि ती वर उचलली जाते. शिवाय वाळू पाणी अडवत नाही, थेट खालच्या काळ्या थरापर्यंत पोचवते.

दुरुस्तीसाठी योग्य काळ पावसाळा सरल्यानंतरचा, जमीन वाफशावर असतानाचा. तेव्हा माती पुरती फुगलेली नसते आणि आक्रसलेलीही नसते. त्या वेळी साधलेली पातळी पुढे दोन्हीकडे थोडी थोडीच हलते.

गवत जुन्या जोडावरूनच सोडवावे, नवा काप देऊ नये. बिघडलेल्या जागेच्या बरेच बाहेरपर्यंत साधारण फूटभर काळी माती काढावी आणि खड्ड्याच्या कडा तिरक्या ठेवाव्यात. उभ्या कडांवर पुढे पायरी उमटते. तळाशी न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे, म्हणजे चिखल वर येत नाही आणि खडी खाली रुतत नाही. त्यावर मुरूम १०-१० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकत भरावा. मुरूम चिकटून बसणारा, पण न फुगणारा हवा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर अशाच न फुगणाऱ्या, धरून राहणाऱ्या मातीचा थर देण्याचे तंत्र विकसित केले आणि ते कालव्यांच्या अस्तरांखाली वापरले गेले. कालव्याला जाड थर लागतो. अंगणात फूटभर थराने फुगवटा नाहीसा होत नाही, पण तो पसरट होतो आणि पायाला जाणवत नाही.

वरचा थर खडी आणि कच यांचा, मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर उताराचा. उतार पाणसळीने तपासावा. भिजलेल्या काळ्या मातीत पाणी तासाला काही मिलिमीटरच मुरते, त्यामुळे खोदलेला खड्डा हौद होऊन बसतो. सर्वांत खालच्या बाजूला छिद्रांचा पाइप घालून पाणी बाहेर काढले नाही, तर बाकीचा सगळा खर्च फुकट जातो.

माती उपसणे शक्य नसेल तर वरच्या वीतभर मातीत तिच्या वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना मिसळता येतो. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण गुठळ्या धरतात, फुगणे कमी होते. पुढे चुन्याची मातीतल्या सिलिकाशी संथ प्रक्रिया होऊन ती घट्ट होते. चुना त्वचा भाजतो, डोळ्यांना इजा करतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. जिप्समचा उपयोग मात्र सगळीकडे होत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मातीत सोडियम जास्त असते, तिथे तो होतो. चुनखडीच्या साध्या काळ्या मातीत त्याच्यावर पैसे घालू नयेत.

कडांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मातीत ठोकलेले खिळे ती आक्रसली की सैल पडतात, म्हणून कड काँक्रीटच्या पट्टीला बसवावी. कडक उन्हात या गवताचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो आणि प्रसरण पावतो, तेव्हा फार ताणून बसवू नये. छताचे पाणी उतरवणारा पाइप गवताच्या कडेला सोडलेला असेल, तर तो आधी हलवावा. एकाच कोपऱ्यात वारंवार उंचवटा येत असेल तर बहुधा कारण तिथेच सापडते. जवळ मोठा कडुनिंब असेल तर उलट घडते: मुळे ओल शोषतात आणि त्या बाजूला जमीन दरवर्षी खचते.

१९६६ साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये कृत्रिम गवत प्रसिद्धीला आले, ते छताखाली. तिथे पावसाचा प्रश्नच नव्हता; उघड्या अंगणात तो असतो. चाचणीत माती दुपटीवर फुगली आणि अंगणातून पाणी बाहेर काढायला वाट नसेल, तर मी दुरुस्ती सुचवणार नाही. गवत गुंडाळून गच्चीवर न्यावे आणि अंगणात हरळी लावावी. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ती तग धरते आणि जमीन हलली तरी तिचा जोड उसवत नाही.