स्पीकरची भूक आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर

जुनी वस्तू विकत घेताना आपण सहसा दोनच गोष्टी पाहतो. ती चालते का, आणि तिची किंमत आपल्याला झेपते का. सायकल किंवा शिवणयंत्र घेताना एवढी पाहणी बहुधा पुरते. परंतु घरी संगीत ऐकण्यासाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा असेल, तर ती पुरत नाही. त्याला आपल्या स्पीकरशी संसार करायचा असतो, आणि स्पीकर शक्तीचा भुकेला असेल तर ही सोयरीक जुळवण्यापूर्वी अधिक चौकशी हवी. ती कशी करावी, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हा धडा मी स्वतः दाम मोजून शिकलो. माझे थोरले मामा आखाती देशात नोकरीला होते. त्यांनी तिकडून आणलेली स्पीकरची जोडी त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. पेट्या लहान, पण उचलताना दम लागावा इतक्या जड. शिक्षकाच्या पगारात नवा अ‍ॅम्प्लिफायर बसेना, म्हणून मी एक जुना घेतला. त्याच्या दर्शनी पट्टीवर वॅटचा आकडा चांगला मोठा छापलेला होता. नाताळच्या दिवशी घरी मंडळी जमली, समूहगान लावले आणि आवाज जरा वाढवला. गाणे चढीला लागले तसा आवाज फाटू लागला. थोड्या वेळाने एका पेटीतून उंच स्वरच येईनात. आतला ट्वीटर जळाला होता. शक्ती जास्त झाली, अशी माझी समजूत. पण दुरुस्ती करणारे कारागीर म्हणाले, "सर, शक्ती जास्त झाली नाही. कमी पडली." त्या एका वाक्याचा अर्थ समजला, की निवडीचे निम्मे काम झाले म्हणून समजावे.

प्रथम स्पीकरच्या भुकेचे कारण पाहू. पूर्वी चांगल्या स्पीकरच्या पेट्या कपाटाएवढ्या असत, आणि त्यांना व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचे दहापंधरा वॅट पुरत. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी 'एआर-१' हा स्पीकर बाजारात आणला. पूर्ण बंद पेटीत कोंडलेल्या हवेचाच त्यांनी स्प्रिंगसारखा उपयोग केला, आणि लहान पेटीतून खोल खर्ज ऐकू येऊ लागला. परंतु निसर्ग काही फुकट देत नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. व्हिल्चर यांनी तिसरी सोडली. आज घरोघरी दिसणाऱ्या कित्येक लहान स्पीकरांनीही तोच सौदा केलेला आहे.

ही भूक मोजता येते. स्पीकरला एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, हा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. ९० डेसिबलचा स्पीकर मिताहारी, ८४ डेसिबलचा खादाड. फरक सहाचाच दिसतो. पण दर ३ डेसिबलना शक्ती दुप्पट लागते, म्हणजे सहा डेसिबलना चौपट. बसण्याच्या खोलीत तीन मीटरांवर बसून तबल्याची थाप किंवा समूहगानाचा कळस १०० डेसिबलपर्यंत स्वच्छ ऐकायचा असेल, तर ९० डेसिबलच्या जोडीला प्रत्येकी सुमारे २० वॅट पुरतात. ८४ डेसिबलच्या जोडीला प्रत्येकी सुमारे ८० वॅट लागतात. एरवी ऐकताना मात्र एकदोन वॅटच खर्च होत असतात. भुकेची खरी परीक्षा क्षणभराच्या त्या कळसाला होते.

त्या क्षणी शक्ती कमी पडली म्हणजे काय होते? ध्वनीच्या लहरीचा माथा करवतीने कापावा तसा सपाट होतो. अशा छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले उंच स्वर निर्माण होतात. शिवाय मोठे स्वर छाटले जात असताना बारीक स्वर मात्र वाढतच राहतात. हा सगळा बोजा नाजूक ट्वीटरवर पडतो, आणि त्याची केसासारखी तार जळते. कारागिरांच्या वाक्याचा अर्थ हा असा.

तेव्हा मोठ्या आकड्याचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, एवढे म्हणून भागेल का? नाही, कारण आकडा फसवा असू शकतो. लहानशा टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॅट 'पीएमपीओ' छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. क्षणार्धाचा, कागदावरचा तो आकडा. अमेरिकेतही असा गोंधळ माजला होता, म्हणून १९७४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की शक्तीचा आकडा सलग चालणाऱ्या परीक्षेतला असावा, आणि तो किती ओहमवर व किती विकृतीसह मोजला हेही सांगावे. जुन्या यंत्राची माहिती वाचताना 'आर.एम.एस.' किंवा 'कंटिन्युअस' हे शब्द शोधावेत. ते नसतील तर आकड्यावर विसंबू नये.

आता ओहमकडे वळू. शाळेत आपण शिकलो, की रोध निम्मा झाला तर त्याच विभवांतराला विद्युतधारा दुप्पट वाहते. स्पीकरचा रोध स्थिर नसतो. स्वरागणिक तो बदलतो. पाठीवर ८ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांना ३-४ ओहमपर्यंत खाली येतो. तेथे अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट धारा पुरवावी लागते. यंत्र सशक्त असेल तर ८ ओहमवर ६० वॅट देणारे ४ ओहमवर १२० च्या जवळपास देईल. अशक्त असेल तर ७० वरच थांबेल. म्हणून विक्रेत्याला दोन आकडे विचारावेत. पहिला आकडा यंत्राची ऐट सांगतो, दुसरा त्याची ताकद.

उदाहरणे पाहू. १९७८ सालचा नॅड ३०२० हा पट्टीवर केवळ २० वॅटचा. पण क्षणिक कळसाला तो त्याहून बरीच अधिक शक्ती देई, म्हणून त्याचे नाव झाले. तरीही ८४ डेसिबलच्या पेट्यांनी मोठी खोली भरण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा १९७५ सालचा ४०५ हा ८ ओहमवर १०० वॅटचा, आवाजाने अतिशय सोज्ज्वळ. परंतु रोध फार खाली उतरणाऱ्या स्पीकरवर त्याच्यातील धारा मर्यादित करणारी यंत्रणा आड येते. १९८५ सालचा अमेरिकन अ‍ॅडकॉम जीएफए-५५५ हा ८ ओहमवर २०० आणि ४ ओहमवर ३२५ वॅट देतो. खरा भुकेला स्पीकर असेल तर शेवटच्या जातीचे यंत्र हवे.

आता प्रत्यक्ष पाहणी. यंत्र प्रथम उचलून पाहावे. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरचे बळ त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असते, आणि तांबे व लोखंड हलके नसतात. अलीकडच्या 'क्लास डी' यंत्रांना मात्र ही कसोटी लागू नाही. ती हलकी असूनही बलवान असू शकतात. मग मागील बाजूचा व्होल्टेजचा आकडा वाचावा. आपल्याकडे २३० व्होल्ट. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००, आणि सौदी अरेबियाच्या बऱ्याच भागांत पूर्वी १२७ असत. न वाचता प्लग लावला तर यंत्र तेथेच संपेल.

बरीच वर्षे पडून असलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. जाणत्या कारागिराकडून, स्पीकर न जोडता, सिरीज बोर्डावर ते लावून घ्यावे. त्यात तारेचा १०० वॅटचा बल्ब असावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर यंत्र नेहमीसारखे सुरू करून स्पीकरच्या टोकांवर मीटरने डी.सी. व्होल्टेज मोजावे. ५० मिलिव्होल्टपर्यंत असल्यास चिंता नाही. १०० च्या पुढे गेल्यास दुरुस्तीशिवाय स्पीकर जोडू नये.

आतील मोठे कपॅसिटर वीसतीस वर्षांनी सुकतात, फुगतात, कधी पाझरतात; स्पीकरमधून घुमणारा 'हम्' आवाज ही त्याची एक खूण. झाकण मात्र आपण स्वतः काढू नये. वीज बंद केल्यावरही या कपॅसिटरांत जिवाला अपाय होईल एवढा भार साठून राहू शकतो. आवाजाचे बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नये. ती बहुधा साफसफाईने जाते. पण दोन्ही बाजूंचा आवाज समान येतो का, आणि अर्धा तास वाजल्यावर एकच बाजू जास्त तापते का, हे अवश्य पाहावे.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. आपले स्वतःचे स्पीकर सोबत न्यावेत. विक्रेत्याच्या मिताहारी पेट्यांवर कोणतेही यंत्र शूर ठरते. आपल्या परिचयाचे गाणे लावावे, नेहमीपेक्षा थोडे मोठे करावे, आणि कळसाच्या जागी कान द्यावा. तेथे आवाज मोकळा राहिला तर जोडी जुळली. आवळला, कर्कश झाला, तर तत्काळ बटण खाली आणावे आणि नमस्कार करून निघावे. किंमत ठरवताना कपॅसिटर बदलण्याचा खर्चही धरावा. तो धरल्यावर स्वस्त वाटलेले यंत्र पुष्कळदा महाग ठरते.

मामांच्या पेट्यांना नवा ट्वीटर बसवला, आणि दुसरा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. त्याच्या पट्टीवरचा आकडा पहिल्यापेक्षा लहान आहे, वजन मात्र दुप्पट. पुढच्या नाताळला तेच समूहगान लावले. कळसाची जागा आली, आणि सगळे कंठ वेगवेगळे, स्वच्छ ऐकू आले. मामांनी ह्या जड पेट्या समुद्रापलीकडून कशासाठी वाहून आणल्या, ते मला त्या दिवशी समजले. आपल्या घरीही अशी एखादी जोडी धूळ खात पडली असेल, तर तिला मुकी ठरवण्यापूर्वी तिच्या भुकेची चौकशी करावी, एवढेच सांगून आपला निरोप घेतो.