सरावाची गोळी

शिवाजी पेठ म्हटली कीं तालमी, मर्दानी खेळ आणि फुटबॉल यांची आठवण कोणासही व्हावी. परंतु अलीकडे पेठेंतील घरांतून आणखी एका खेळाची चर्चा आमच्या कानीं येऊं लागली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें रायफल नेमबाजींत जगज्जेतेपद मिळविलें. राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. आपल्या मुलांनीं या वाटेनें जावें असें आईबापांस वाटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु ती वाट खर्चाची आहे.

परवां पेठेंतील एका स्नेह्यांकडे आम्ही चहास गेलों होतों. त्यांचे चिरंजीव २५ मीटरच्या सेंटर-फायर प्रकारासाठीं बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरनें सराव करतात. वहिनी हिशेबाची वही पुढें करून म्हणाल्या, "भावजी, किराण्याहून काडतुसांचाच आंकडा मोठा होत चालला आहे. असेंच चाललें तर याचा खेळ बंद करावा लागेल." त्यावर स्नेही म्हणाले, "अमेरिकेंत आमचे मेहुणे घरींच काडतुसें भरतात. रिकाम्या पुंगळ्या आहेतच. गोळी तेवढी कोणती घ्यावी तें सांगा."

प्रश्न एक दिसला तरी तो दोन प्रश्नांचा मिळून झालेला आहे. सरावास कोणती गोळी योग्य, हा पहिला; आणि ती घरीं भरावी काय, हा दुसरा.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, आंतील दारू आणि पुढची गोळी. बावीस बोअरच्या काडतुसांत ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेंतच भरलेला असतो, म्हणून तें एकदां उडालें कीं संपलें. बत्तीस व अडतीस बोअरच्या काडतुसांत टोपी मध्यभागीं वेगळी बसविलेली असते. ती बदलतां येते, आणि म्हणूनच पुन्हां भरण्याचा मोह होतो.

गोळ्यांचे ढोबळ प्रकार तीन. वाटोळ्या नाकाची शिशाची गोळी कागद फाडीत जाते; छिद्राच्या कडा चिरफाळतात आणि गोळी नेमकी कोठें लागली याविषयीं वाद उरतो. तांब्याच्या आवरणाची गोळी महाग पडते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें या प्रकारांत शिशाची वा तशाच मऊ धातूची गोळीच चालते. तिसरी सपाट तोंडाची, 'वॅडकटर' नांवाची. जुन्या तिकीट तपासनिसाच्या चिमट्यानें पडावें तसें स्वच्छ, गोल भोंक ती पाडते. छिद्राची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेस नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून हा स्वच्छपणा मोलाचा. सावकाश नेम धरण्याच्या पहिल्या ३० फैरींत दहा गुणांचें वर्तुळ अवघें ५० मिलिमीटर व्यासाचें असतें, हें लक्षांत घ्यावें.

बत्तीस बोअरची अशी गोळी साधारण १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम वजनाची असते. अडतीसची १४८ ग्रेनची, म्हणजे साडेनऊ ग्रॅमांहून थोडी अधिक. तिची गति मुद्दाम बेताची ठेवलेली असते, त्यामुळें धक्का कमी बसतो. सपाट तोंडामुळें लांब पल्ल्यावर ती डळमळूं लागते, पण २५ मीटरवर तो दोष जाणवत नाहीं. निवड एकदां झाली कीं शक्यतों एकाच लॉटचीं काडतुसें घ्यावीं, म्हणजे चूक काडतुसाची कीं हाताची हें कळतें.

आतां दुसरा प्रश्न. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. अमेरिकेंतील रीत येथें लागू पडत नाहीं. शिवाय धोकाही आहे. दारू फार कमी पडली तर गोळी नळींतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली कीं नळी फुटते. अशा काडतुसांत दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते. म्हणून चुकून दुप्पट पडली तरी ती सहज लक्षांत येत नाहीं. वहींतील कांहीं रुपये वांचविण्यासाठीं मुलाचा डोळा वा हात पणास लावावा, असें आम्हांस वाटत नाहीं.

काटकसर करावी ती दुसरीकडे. खोलींत एकही काडतूस नाहीं आणि हत्यार रिकामें आहे याची खात्री करून, योग्य चाप-टोपी घालून, भिंतीकडे तोंड करून रोज कोरडा सराव करावा. १० मीटरवर हवेच्या पिस्तुलानें ४.५ मिलिमीटरचे छर्रे वापरावे. तेही सपाट तोंडाचेच असतात. खरीं काडतुसें मोजकीं उडवावीं व प्रत्येकाची नोंद ठेवावी. मैदानावरून आल्यावर जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे आणि अंगावरचे कपडे लहान मुलांपासून दूर ठेवावे. शिसें हें विष आहे.

एवढें बोलणें झाल्यावर चिरंजीवांनीं आदल्या दिवशींचा कागद आणून दाखविला. भोंकें स्वच्छ होतीं आणि बहुतेक सारीं खालीं, डावीकडे पडलीं होतीं. उजव्या हातानें नेम धरणाऱ्यानें घोडा हिसक्यानें ओढला कीं बहुधा असें होतें. "ही चूक बोटाची," आम्ही म्हणालों, "आणि ती सुधारण्यास एकही काडतूस लागत नाहीं." स्नेह्यांनीं कागद बराच वेळ न्याहाळला. वहिनींनीं वही मिटली. पुंगळ्यांचा विषय पुन्हां निघाला नाहीं.