रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा? वही घेऊन दवाखान्यात जा

कोविड बरा झाला, पण माणूस पूर्वीसारखा झाला नाही. कापूस वेचताना दुपारीच गळून जाणे, जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, बोलता बोलता शब्द न आठवणे, झोप न लागणे. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या वस्त्यांत फिरताना या तक्रारी माझ्या कानावर येतात. घरचे म्हणतात, आळस आहे. मुकादम म्हणतो, कामचुकार आहे. शेवटी त्या बाईलाही स्वतःचाच दोष वाटू लागतो.

भगिनींनो, हा आळस नाही. कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि त्याला दुसरे कारण सापडत नसेल, तर तो दीर्घ कोविड, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. तो ओळखणारी एकच अशी तपासणी नाही. म्हणून आधी दुसरी कारणे तपासावी लागतात: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बीपी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकी तपासणी.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ थोडा असतो. म्हणून दोन आठवडे वहीत रोज लिहा: काय काम केले, कधी त्रास झाला, झोप कशी लागली. श्रमाचा त्रास पुष्कळदा १२ ते ४८ तासांनी वाढतो. सोमवारी केलेल्या कामाने बुधवारी अंथरूण धरावे लागते, हे वहीशिवाय लक्षात येत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यात जाचक तीन तक्रारी आधी सांगा. झोपून आणि उभे राहून नाडी व बीपी, तसेच चालण्याआधी व नंतर बोटाचे ऑक्सिजन मोजायला सांगा. पुन्हा कधी यायचे, ते विचारा. शक्यतो त्याच डॉक्टरांकडे जा. जुने केसपेपर जपून ठेवा. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य केंद्रांत उपचार मोफत आहेत. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांचा सल्लाही मिळू शकतो.

यावर एकच रामबाण औषध नाही. ‘ताकदीची सलाईन’ लावून मजुरी घालवू नका. स्टेरॉइड मनाने घेऊ नका. दमण्याआधी थांबा, बसून स्वयंपाक करा, पाणी दोन खेपांत आणा. जोर लावून व्यायाम केल्यास त्रास वाढू शकतो. बरेच जण काही महिन्यांत हळूहळू सुधारतात.

छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळे पडणे, शुद्ध हरपणे यापैकी काही झाले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

आणि घरच्यांनो, पहिल्या खेपेला तिच्यासोबत तुम्हीही दवाखान्यात जा. डॉक्टर काय म्हणतात ते स्वतः ऐका.