पाहुण्यांचा महाल, खासगीचा बाजार

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी स्वतःपेक्षा पाहुण्यांसाठीच जास्त बांधकामं केली की काय, अशी शंका यावी. जयाजीरावांनी १८७४ मध्ये जयविलास महाल उभा केला. वास्तुकार मायकेल फिलोझ, शिंद्यांच्याच चाकरीतल्या घराण्यातला. रंग ओला असतानाच म्हणावं इतक्या लवकर, १८७६ साली, इंग्लंडचा युवराज इथे पाहुणा म्हणून आला. तोच पुढचा सातवा एडवर्ड. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत हा भार पेलेल का, हे पाहण्यासाठी आधी वर हत्ती चढवले, ही गोष्ट ग्वाल्हेरमधला प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. हत्तींची संख्या सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे बदलते. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे. डब्यांवर इंग्रजीत शिंद्यांच्या नावाचं एकेक अक्षर, आत मद्याच्या सुरया आणि सिगार. गाडी पाहुण्यासमोर येई, पाहुण्याने सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की पुढे सरके. पंगतीत वाढप्याने एखाद्याला वगळायची सोयच नाही.

याच घरात राहायला मिळणार नाही. जयविलासचा एक भाग संग्रहालय आहे, उरलेल्यात कुटुंब राहतं. पण शेजारचं उषाकिरण पॅलेस मिळू शकतं. मूळचं हे शिंद्यांचं अतिथीगृह, आता ताज समूहाचं हॉटेल. १९०५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा पंचम जॉर्ज, ग्वाल्हेरला आला होता, आणि त्याचा मुक्काम हा उषाकिरणचा आवडता इतिहास आहे. यजमान माधवराव तेव्हा तिशीच्या आतले. पाहुणचाराचा हा सिलसिला पुढे इतका घट्ट झाला, की त्यांनी मुलीच्या नावाआधी मेरी आणि मुलाच्या नावाआधी जॉर्ज लावलं. ‘जॉर्ज जिवाजीराव शिंदे’ हे नाव आज वाचताना गंमत वाटते, त्या काळी ते राजकारण होतं.

हॉटेल म्हणून उषाकिरण मला आवडतं, कारण ते महाल असल्याचा आव फार आणत नाही. नऊ एकरांचं आवार, रुंद व्हरांडे, दगडी जाळ्या, उंच छतं, चाळीसेक खोल्या. जयविलासमध्ये मान वर करून चालावं लागतं, इथे खुर्ची ओढून बसता येतं. ‘सिल्व्हर सलून’ या त्यांच्या जेवणघरात मराठी पदार्थांच्या जोडीला नेपाळी पदार्थ मिळतात. ते खानसाम्याच्या लहरीतून आलेले नाहीत. राजमाता विजयाराजे या सागरला स्थायिक झालेल्या नेपाळी राणा घराण्याच्या नात, त्यांची सून माधवीराजे नेपाळच्या, आणि कन्या उषाराजे लग्न होऊन नेपाळला गेलेल्या. सोयरिकी स्वयंपाकघरात उतरतातच. एरवी महालातल्या हॉटेलांत तेच ते मुघलाई जेवण वाढतात. तिथे घरचं काहीतरी ताटात येणं ही मोठी गोष्ट.

तरी एक अडचण आहे. उषाकिरणमध्ये उतरलेला माणूस बहुधा तीनच गोष्टी पाहतो: शेजारचं संग्रहालय, किल्ला आणि खोलीची खिडकी. पाहुण्यांची ही बडदास्त ज्यांनी शतकभर ठेवली ती माणसं जिथे राहत, तो लश्करचा भाग रिक्षाने थोड्याच वेळाच्या अंतरावर असून त्याच्या यादीत नसतो. मराठी प्रवाशाने तरी हे करू नये. महालात झोपावं खुशाल, पण सकाळी उठून खासगी बाजारात जावं.

लश्कर म्हणजे मुळात छावणी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचे तंबू ठोकले, ते परत उपटलेच नाहीत. तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे झाले, आणि कोण कुठे उतरला होता त्याचा नकाशा पत्त्यांत तसाच राहिला. निंबाळकर की गोठ, बक्षी की गोठ, चिटनीस की गोठ, फालका बाजार, पाटणकर बाजार. हिंदीच्या ‘की’ने जोडलेली ही नावं साताऱ्या-पुण्याकडच्या माणसाने रिक्षावाल्याला सांगून पाहावीत, भलतीच मौज वाटते. राजांच्या नावांच्या पेठा वेगळ्या: दौलतगंज, जनकगंज, जयेंद्रगंज, माधोगंज, जीवाजीगंज. वंशावळ पाठ करायची असेल तर शहराच्या या बाजूला फिरावं. आणि या सगळ्यांत खासगी बाजार. सरदार आणि बक्षी हे दौलतीचे लोक. खासगीकडे घरचं: कोठी, मुदपाकखाना, जनान्याचा खर्च, देवघर, लग्नकार्यं, दानधर्म. महालातल्या पंगतीचा शिधा, शालजोड्या, अत्तर, पानसुपारी या सगळ्याचा हिशेब कुणीतरी ठेवावाच लागतो.

हे खातं क्षुल्लक होतं असं समजू नये. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव निपुत्रिक वारले. विधवा राणी ताराबाई तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या, दत्तक घेतलेले जयाजीराव आठेक वर्षांचे. इंग्रजांच्या पसंतीने मामासाहेब कदम कारभारी झाले, पण काही महिन्यांतच खासगीचे प्रमुख दादा खासगीवाले यांनी त्यांना बाजूला सारलं. गव्हर्नर जनरल एलेनबरोने दादांना आमच्या हवाली करा असा हेका धरला. दरबाराने शेवटी त्यांना स्वाधीनही केलं. तरी कंपनीची फौज चंबळ ओलांडून आलीच, आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिआर अशा दोन लढाया झाल्या. शिंद्यांची फौज हरली, तिची संख्या कापली गेली. घरखर्चाच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसावरून एक राज्य युद्धात ओढलं गेलं, हे जयविलासमधल्या झुंबरांखाली कुणी सांगत नाही. पाहुणचाराचा तो सगळा थाट या पराभवानंतरचा आहे, हे ध्यानात ठेवून झुंबरं पाहिली तर ती जरा वेगळी दिसतात.

आजचा खासगी बाजार म्हणजे लश्करमधली दाट, चालती वस्ती. खाली दुकानं, वर घरं. मान मात्र वर ठेवावी, कारण पाहण्यासारखं सगळं पहिल्या मजल्यावर आहे. आपल्याकडे वाडा म्हटलं की लाकूड आठवतं, सागवानी खांब, तुळया, कोरीव हस्त. ग्वाल्हेरला भोवती वाळूचा दगड मुबलक आणि तो कोरणारे हात पिढीजात. म्हणून लश्करमध्ये आलेला मराठी चौक दगडी झाला: दगडी महिरपी, दगडी जाळीचे झरोके, छपरालाही दगडाच्या लांब पट्ट्या. मराठी आराखडा आणि बुंदेलखंडाकडचा कारागीर यांची ही सोयरीक कुठल्याही महालापेक्षा अस्सल आहे. महाल इटलीकडे पाहून बांधला, वाडे समोरच्या खाणीकडे पाहून.

इथून महाराज बाड्याकडे वळलं की शहराचा सार्वजनिक चेहरा दिसतो. व्हिक्टोरिया मार्केट, टाउन हॉल, पोस्ट, बँक, एकेका इमारतीची शैली निराळी. जवळच गोरखी, शिंद्यांचं जयविलासच्या आधीचं घर आणि आजही त्यांचं देवघर. तिथे देवांच्या जोडीला बीडच्या मन्सूर शाह या सुफी संताचा मान आहे. शिंद्यांची त्यांच्यावरची श्रद्धा दख्खनेतून सोबत आली.

लश्करच्या या गल्ल्यांचं महाराष्ट्रावर एक मोठं ऋण आहे आणि ते संगीताचं. इचलकरंजीकर बाळकृष्णबुवा गाणं शिकायला इकडे आले, वासुदेवबुवा जोशांकडे राहिले. जोशीबुवा हस्सूखाँचे शिष्य. बाळकृष्णबुवा ख्याल घेऊन दक्षिणेत परतले, मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, आणि पुढे महाराष्ट्रात घरोघरी तानपुरे लागले. कृष्णराव शंकर पंडित इथलेच, त्यांचं शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ चं. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे याच शहरात १९४१ मध्ये वारले. जीवाजीगंजात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचं घर आहे. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ यांनी तिथे सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय केलं. जुनं घर नीट दुरुस्त केलं की काय होतं, याचा हा लश्करमधला चांगला दाखला.

मग साहजिकच मनात येतं, अशाच एखाद्या वाड्यात चार खोल्या भाड्याने का मिळू नयेत? महेश्वरला ते झालं. होळकरांच्या घराण्यातल्या रिचर्ड होळकरांनी अहिल्याबाईंच्या किल्ल्यातल्या राहत्या घराचं ‘अहिल्या फोर्ट’ हॉटेल केलं, आणि नर्मदेच्या घाटावर माणूस नुसतं बसायला म्हणून जाऊ लागला. पुण्याजवळ सासवड रस्त्याला पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी आज ‘जाधवगढ’ हॉटेल आहे. या दोन्ही ठिकाणी मालकी किंवा निर्णय एकहाती होता. शहरातल्या वाड्याचं तसं नसतं. वारस डझनभर, त्यांतले अर्धे इंदूर-पुण्याला, खाली जुन्या भाड्याचे दुकानदार, गल्लीत मोटार शिरत नाही, आणि संडास कुठे बांधायचा यावरून भावाभावांत अबोला. इतिहास हवा तेवढा असतो, पण हॉटेलला सहीचा एकच माणूस लागतो. पर्यटन खात्यांनी महालांच्या जाहिराती करण्यापेक्षा या सह्या गोळा करायला मदत केली तर लश्करमध्ये राहण्याजोगी जागा तयार होईल, आणि वाडेही उभे राहतील.

सरदारांच्या घराशी जवळीक साधायची तर तूर्तास देवबाग आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर, जाधव कोठीच्या आवारातलं हे बागेतलं हॉटेल नीमराणा समूहाने नावारूपाला आणलं. चौरस आखलेली बाग, आवारातच देवळं आणि छत्र्या, मोजक्याच खोल्या. इथे उषाकिरणसारखी तत्पर सेवा मागू नये. पुस्तक घेऊन पडायची ही जागा आहे. घरात लहान मुलं असतील तर उषाकिरण, वडीलधाऱ्यांना देवळाची ओढ असेल तर देवबाग, असा माझा साधा हिशेब.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर शिवपुरीला जावं. शिंद्यांची ही उन्हाळी राजधानी. इथल्या जंगलात पंचम जॉर्जसाठी एक टुमदार जॉर्ज कॅसल बांधला. शिकारीला येणाऱ्या राजाने तिथे रात्र काढावी असा बेत होता, पण राजेसाहेबांना वाटेतच वाघ मिळाला आणि ते मुक्कामाला थांबलेच नाहीत, असं सांगतात. जवळच्या संगमरवरी छत्रीत माधवरावांच्या पुतळ्याला आजही सेवेकरी पोशाख चढवतात आणि नैवेद्य दाखवतात. समोर त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांची छत्री. मुलाने कायम आईच्या नजरेसमोर असावं, अशी ही मांडणी.

जायचं ते थंडीत. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लश्करमधला दगड रात्रीही तापलेला असतो. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल, तिन्ही थेट ग्वाल्हेरला थांबतात. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. माधवरावांनी १९०५ मध्ये सुरू केलेली ग्वाल्हेरची जत्राही साधारण त्याच सुमारास भरायला लागते. त्या दिवसांत दोन्ही हॉटेलांत खोली लवकर धरावी लागते. नाश्ता मात्र हॉटेलात करू नये. लश्करमध्ये सकाळी बेडई आणि कचोरी तळणारे पुष्कळ आहेत, आणि नया बाजारातल्या बहादुरा यांच्या दुकानात बुंदीचे लाडू मिळतात. अटलबिहारी वाजपेयींना ते फार आवडत. दुकान दिसायला अगदी साधं आहे, म्हणून पुढे निघून जाल.