दूरच्या वर्गाला आपल्या घरची गोष्ट



"बाईंनी सांगितलंय, अभ्यासाला मोबाईल लागेल," असे मूल म्हणाले की आपल्याला दोन चिंता लागतात. रिचार्जचे पैसे कुठून आणायचे आणि हे पोर त्यात नेमके पाहते काय? दोन्ही चिंता खऱ्या आहेत. पण याच साधनाने दूरदूरचे वर्ग जोडले जातात आणि मुले एकमेकांना शिकवतात, हेही आपण जाणून घेतले पाहिजे.

१९८८ साली अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभे होते. त्याच वर्षी पीटर कोपेन या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्यातील १२ आणि मॉस्कोतील १२ शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. शत्रू म्हणवणाऱ्या देशांची मुले मिळून अभ्यास करू लागली. त्यातूनच 'आयअर्न' हे शाळांचे जाळे उभे राहिले. आज शंभराहून अधिक देशांत ते पसरले आहे. तेथे उपक्रम मांडणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: या कामाने पृथ्वीवरचे जगणे कसे सुधारेल?

काम चालते कसे? 'लर्निंग सर्कल' या पद्धतीत निरनिराळ्या ठिकाणचे सहा-आठ वर्ग एकत्र येतात. प्रत्येक वर्ग एक विषय मांडतो आणि इतरांकडून माहिती मागवतो. कोणी विचारतो, तुमच्या गावाला पाणी कुठून येते? बाकीचे वर्ग चौकशी करून उत्तरे पाठवतात. शेवटी सगळे जुळवून अंक तयार होतो. लहानांसाठीही युक्ती आहे. दोन वर्ग एकमेकांना टपालाने कापडी अस्वल पाठवतात. पाहुणे आलेले अस्वल 'आज मी काय पाहिले' ते सांगते, म्हणजे त्याच्या नावाने मुलेच लिहितात!

आपल्याकडेही हे घडले आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटेसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तंटा असलेल्या देशांतील मुलांची इंटरनेटवरून गाठ घालून दिली. त्यांना २०२० सालचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आता आपल्या घराकडे वळू. समजा, दूरच्या वर्गाने विचारले, 'तुमच्याकडे कापड कसे विणत?' पुस्तकात दोन ओळी सापडतील. पण घरात गिरणीत राबलेले आजोबा असतील तर साचा कसा चाले, धागा तुटला की काय करत, भोंगा किती वाजता होई, हे सारे तेच सांगतील. ज्या आजोबांना कोणी कधी दोन शब्द विचारले नाहीत, त्यांचे बोलणे दुसऱ्या देशातील मुले वाचतील. 'आमच्या घरात शिकण्यासारखे काही नाही' ही मुलाच्या मनातली सल त्या दिवशी गळून पडेल. मूल घेणारे होते, ते देणारे होईल.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. शाळेत जाऊन गुरुजींना विचारावे, आपला वर्ग दुसऱ्या एखाद्या वर्गाशी जोडता येईल का? सुरुवात शेजारच्या तालुक्यापासून झाली तरी चालेल, आणि शाळेतला एक मोबाईलही पुरेल. दुसरे, हा व्यवहार शिक्षकांमार्फतच व्हावा. मुलांनी घरचा पत्ता, फोन नंबर, फोटो अनोळखी माणसाला देऊ नये. तिसरे, घरात मोबाईल एकच असेल तर मुलाइतकाच वेळ मुलीलाही मिळावा. भाऊ मोबाईलवर आणि बहीण भांड्यांवर, असे होऊ देऊ नका.

आणि रात्री जेवताना मुलांना 'किती वेळ पाहिलास?' एवढेच विचारू नका. 'आज तू त्यांना काय सांगितलेस? त्यांना काय विचारलेस?' हेही विचारा.